हीट रजिस्टर सिंगापूरला पाठवणाऱ्या वकीलबाई: एका निर्यातदाराचा अनुभव

सेवा: व्यापारी दावे आणि आंतरराष्ट्रीय लवादाचं वकिली काम, मुंबई (फोर्ट)
काळ: सप्टेंबर २०२२ ते जून २०२४
माझे गुण: पाचपैकी साडेचार

आधी नावाचं सांगते. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. मी हे लिहिणार असं कळवल्यावर मॅडमनी स्पष्ट सांगितलं, अनुभव जरूर लिहा, माझं नाव नको. म्हणून इथे त्या फक्त ‘मॅडम’. पण परदेशी गिऱ्हाइकाकडे पैसे अडकलेल्या माणसाला वकील कसा ओळखावा हे यातून कळेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. सासऱ्यांनी कोळशाच्या कुपोला भट्टीवर सुरू केली, आता एक टनाची विजेवरची इंडक्शन भट्टी आहे. शॉप आमचे हे बघतात, खरेदी दीर बघतात, बँक, निर्यात आणि हिशेब माझ्याकडे. २०२१ च्या पावसाळ्यात जर्मनीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीला आम्ही एस. जी. आयर्नची (एक प्रकारचं ओतीव लोखंड) हाउसिंग, म्हणजे पंपाची बाहेरची कवचं, पाठवली. ५,००० नग, एकेक २४ किलोचा, सहा कंटेनर. बिल २ लाख ६० हजार युरोचं, म्हणजे त्या वेळच्या भावाने सव्वादोन कोटींच्या आसपास. ऑक्टोबरमध्ये त्यांची मेल आली: कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वाफेची-हवेची भोकं, आहेत, सगळा माल नाकारतो, पैसे मिळणार नाहीत. सोबत १९ फोटो.

सव्वादोन कोटी म्हणजे आमच्यासारख्याला किती, हे फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको. बँकेचं पॅकिंग क्रेडिट, म्हणजे निर्यातीच्या मालासाठी घेतलेलं कर्ज, थकलं. त्या दिवाळीला कामगारांचा बोनस माझ्या एफडी मोडून दिला.

आम्ही आधी ओळखीच्या एका वकिलांकडे गेलो. माणूस भला, पण हे काम त्यांचं नव्हतं. त्यांनी इथल्याच कोर्टात वसुलीचा दावा लावला. समोरच्यांनी हजर होऊन एकच अर्ज दिला: पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) मागच्या पानावर लवादाचं कलम आहे (म्हणजे वाद कोर्टाऐवजी त्रयस्थाकडे न्यायचा), सीट, म्हणजे लवादाचं कायदेशीर ठिकाण, सिंगापूर आहे, तेव्हा १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ४५ खाली हे प्रकरण तिकडे पाठवा. दावा तिथेच अडला. दहा महिने गेले. पीओचं मागचं पान आमच्यापैकी कुणीच कधी वाचलं नव्हतं. बारीक फिकट अक्षर, १९ कलमं, आणि खाली आमचा शिक्का.

मॅडमचा पत्ता एका निर्यातदार मित्राने दिला. रात्रीच्या महालक्ष्मीने आम्ही दोघं मुंबईला गेलो. फोर्टातल्या जुन्या इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, दोन खोल्या, भिंतीला लागून दोऱ्यांनी बांधलेली पेपरबुकं. चहा आला आणि मॅडम वाचत बसल्या. आमच्याशी एक अक्षर न बोलता पाऊण तास त्यांनी फाइल वाचली. आमचे हे दोनदा घड्याळ बघून झाले. मग त्यांनी वर बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला,

“माल खराब होता का?”

“नाही,” हे म्हणाले.

“पाच हजारांतला एकही नग नाही?”

यावर आमच्या ह्यांना उत्तर देता येईना. पाच हजारांत एकही नग खराब नाही असं कुठलाच फाउंड्रीवाला छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मॅडम म्हणाल्या, “हे समोरचा वकील मला विचारायच्या आधी तुम्ही मला सांगायचं. मला वाईट बातमी आधी लागते.”

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, जी आम्हाला दहा महिन्यांत कुणी सांगितली नव्हती. समजा कोल्हापूरच्या कोर्टात आपण जिंकलो असतो, तर तो हुकूमनामा जर्मनीत नेऊन काय करणार? इंग्लंड, सिंगापूर अशा काही देशांशी भारताची हुकूमनाम्यांची देवाणघेवाण आहे, त्या यादीत जर्मनी नाही. लवादाच्या निवाड्याचं मात्र तसं नाही. १९५८ चा न्यूयॉर्क करार आहे, त्यात १७० हून अधिक देश आहेत, भारत आणि जर्मनी दोन्ही आहेत. सिंगापूरचा निवाडा जर्मनीच्या कोर्टात चालतो, आणि तिथलं कोर्ट खटला पुन्हा पहिल्यापासून ऐकत बसत नाही. ज्या कलमाला आम्ही वर्षभर शिव्या घातल्या, त्याच कलमातून आमचे पैसे येणार होते.

त्यांच्या कामाची पद्धत त्यांच्या उमेदवारीतून आली आहे, असं मला वाटतं. प्रवासात, जेवताना त्या तुटक तुटक बोलल्या ते इथे जुळवून सांगते. चर्चगेटच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातून त्या बाहेर पडल्या आणि हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (जिथे दावे अपिलात नाही, थेट दाखल होतात) एका सॉलिसिटरांकडे लागल्या. पहिली चार वर्षं कोर्टात तोंड उघडायची संधी जवळजवळ नव्हतीच. सकाळी प्रोथोनोटरींच्या, म्हणजे हायकोर्टात दावे दाखल करून घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, ऑफिसात कागद दाखल करायचे, त्यांनी काढलेल्या चुका दुरुस्त करायच्या, दुपारी समोरच्या पक्षाच्या कागदांचं इन्स्पेक्शन, रात्री कंपायलेशनला पाननंबर. मग समरी सूट, म्हणजे लेखी कागदावरच्या वसुलीचे झटपट दावे: हुंड्या, बिलं, न वटलेले चेक. म्हणाल्या, “दोनशे तरी समरी सूट बघितले असतील. त्यात भाषणाला जागाच नसते. सहीचा कागद आहे की नाही, एवढंच.” २०१२ साली सुप्रीम कोर्टाचा बाल्को निकाल आला. लवादाची सीट परदेशात असेल तर आपल्याकडची कोर्टं त्या निवाड्याला सुरुंग लावू शकणार नाहीत, असं त्याने ठरवलं. त्यांच्या सीनिअरांकडची बरीच अशिलं तेव्हापासून करारात सिंगापूर लिहायला लागली, आणि ती कामं ऑफिसातल्या सगळ्यात चिवट वाचणाऱ्या ज्युनिअरकडे आली. काही वर्षं त्यांनी एका निवृत्त न्यायमूर्तींच्या लवादांत सचिवाचं कामही केलं. निवाडा लिहिणारा माणूस कागद कुठून उघडतो हे तिथे बसून कळलं, असं त्या म्हणाल्या.

आता फीबद्दल, कारण वाचणाऱ्यांना तेच आधी हवं असतं. पहिल्या भेटीनंतर आठ दिवसांत लेखी अंदाज आला, चार टप्प्यांचा: नोटीस, दोन्ही बाजूंचे लेखी जबाब, कागदपत्रं आणि साक्षी, सुनावणी. सगळं मिळून १९ लाख. टप्पा संपल्याशिवाय पुढचं बिल नाही. आमच्या दिरांनी विचारलं, वसुलीच्या दहा टक्के घ्या की. त्यांनी तिथल्या तिथे नकार दिला. भारतात वकिलाला वसुलीत वाटा घेता येत नाही, आणि घेता आला असता तरी मी घेतला नसता, म्हणाल्या. फीशिवायचे खर्च वेगळे असतात, हे लक्षात ठेवा. लवाद सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय लवाद केंद्राच्या नियमांखाली चालला. वकील मंडळी त्याला सायॅक म्हणतात. केंद्राची आणि आर्बिट्रेटरची, म्हणजे लवादाचा निवाडा देणाऱ्याची, फी दाव्याच्या रकमेवरून तक्त्याप्रमाणे ठरते आणि दोन्ही बाजूंनी निम्मी निम्मी आगाऊ भरायची असते. समोरच्याने भरली नाही तर काम पुढे न्यायला त्याचीही आपणच भरायची. आमच्या जर्मन कंपनीने भरली नाही. हे असं होऊ शकतं असं मॅडमनी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, म्हणून मी बँकेच्या ओव्हरड्राफ्टमध्ये तेवढी जागा ठेवली होती.

रक्कम त्या मानाने लहान, म्हणून त्यांनी जलद पद्धतीसाठी अर्ज केला. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या नियमांत ६० लाख सिंगापूर डॉलरपर्यंतच्या दाव्यांना ती मागता येत होती: एकच आर्बिट्रेटर, आणि त्याची नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत निवाडा. नोव्हेंबर २०२२ मध्ये नोटीस गेली, मार्च २०२३ मध्ये आर्बिट्रेटर नेमले गेले. वसुलीच्या साध्या दाव्यात नुसतं समन्स बजावायला किती वेळ जातो हे ज्याने अनुभवलंय, त्याला ही तारखांची शिस्त बघून रडू येईल. मला आलं होतं.

पण मी साडेचार गुण देते ते या वेगासाठी नाही.

जानेवारी २०२३ मध्ये मॅडम फाउंड्रीत आल्या. सोबत एक ज्युनिअर आणि आलेल्या १९ फोटोंचे मोठे प्रिंट. त्यांनी सांगितलं, मला ओतकाम बघायचंय. चष्मा, हेल्मेट घालून दोन तास उभ्या राहिल्या. लॅडलमधून वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात पडताना बघितला, साचे फोडताना बघितले, फेटलिंगला, म्हणजे घासून साफ करायला, नग आला तेव्हा त्यावर बोट ठेवून विचारलं, “हा उठावाचा नंबर कशाचा?”

आमचे सुपरवायझर मामा म्हणाले, “हीट नंबर हाय मॅडम. कुठल्या भट्टीचा माल, त्ये त्यावरनं कळतंय.”

त्यांनी पिशवीतून प्रिंट काढले, टेबलावर मांडले, आणि भिंग घेऊन एकेक बघायला लागल्या. आम्ही ते फोटो वर्षभर बघत होतो, पण बघत होतो ती भोकं. त्यांनी नंबर बघितले. १९ पैकी १३ फोटोंत नंबर वाचता येत होता, आणि तेराही फोटोंत तो एकच होता. शिवाय चार फोटो एकाच नगाचे, फिरवून काढलेले. कडेला ग्राइंडरचा एक तिरपा ओरखडा होता, तो चारही ठिकाणी सारखा.

मग हीट रजिस्टर काढलं. भट्टीत एका वेळी वितळवलेला रस म्हणजे एक हीट, तिची नोंद या वहीत असते. लाल कापडी पाठीचं, मामांच्या हातचं. त्या नंबरची ओळ सापडली: १४ जुलै, दुसरी पाळी, २६ नग, रसाचं तापमान, आणि शेवटच्या रकान्यात मामांच्या अक्षरात तीन शब्द: “वाळू ओली वाटते.”

साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली की रस पडताना वाफ होते आणि ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये भोक राहतं. फाउंड्रीतल्या पोरालाही हे माहीत असतं. खोलीत कुणी काही बोलेना. मग दीर म्हणाले, हे एक पान काढून टाकू, रजिस्टर कोण बघायला येतंय सिंगापूरहून.

मॅडमचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचा चढलेला मी ऐकला. “हे पान सिंगापूरला जाणार आहे. तुम्हाला ते मान्य नसेल तर मी आत्ता वकीलपत्र परत करते.”

पुढे त्यांनी शांतपणे समजावलं. लवादात दोन्ही बाजू एकमेकांकडे कागद मागतात, त्याचा एक तक्ता असतो, रेडफर्न शेड्यूल म्हणतात त्याला: कुठला कागद हवा, का हवा, समोरच्याची हरकत काय, आणि शेवटच्या रकान्यात आर्बिट्रेटरचा निर्णय. हीट रजिस्टर ते मागणारच. तेव्हा पान फाटलेलं निघालं, तर उरलेल्या ४,९७४ नगांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. पान जागेवर असलं, तर तोच माणूस बाकीच्या शेकडो ओळींवरही विश्वास ठेवील. दीर उठून बाहेर गेले. अर्ध्या तासाने परत आले आणि रजिस्टर त्यांनी स्वतः कापडात बांधून मॅडमच्या गाडीत ठेवलं.

रजिस्टरचं इंग्रजी भाषांतर झालं तेव्हा ‘वाटते’वरून वाद झाला. समोरच्यांच्या भाषांतरकाराने सरळ ‘वाळू ओली आहे’ अशा अर्थाचं वाक्य केलं होतं. मॅडमनी त्या एका क्रियापदावर दोन पानांची हरकत लिहिली. तेव्हा मला ते जरा जास्त वाटलं होतं.

दुसरी गोष्ट त्यांना आमच्याच मेलमध्ये सापडली. ऑगस्ट २०२१ ची, जर्मन कंपनीच्या मशीनशॉपमधून आलेली: तिसऱ्या कंटेनरच्या नगांचं बोअरिंग (आतलं भोक मशीनवर कापणं) चालू आहे, टूल लवकर झिजतंय, हार्डनेस रिपोर्ट पाठवा. रिपोर्ट मीच पाठवला होता आणि विसरून गेले होते. चौदाशे मेलमधून त्यांनी ती काढली. आमच्या कराराला इंग्लंडचा कायदा लागू होता. तिथल्या १९७९ च्या मालविक्री कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे, माल तपासायची संधी मिळाल्यावर गिऱ्हाईक तो स्वतःच्या मालकीचा असल्यासारखा वापरायला लागलं, किंवा वाजवी मुदतीत नाकारतो असं न कळवता ठेवून बसलं, तर त्याने तो स्वीकारला असं धरतात. मग नुकसानभरपाई मागता येते, सगळा माल परत ढकलता येत नाही. बोअरिंग करून पुढच्या गिऱ्हाइकाला पाठवलेले नग ऑक्टोबरमध्ये नाकारायला त्यांना तोंडच नव्हतं.

सुनावणी ऑगस्ट २०२३ मध्ये दोन दिवस, व्हिडिओवर झाली. आपल्याकडे दुपारी साडेबारा, तेव्हा सिंगापुरात तीन आणि जर्मनीत सकाळचे नऊ. साक्षीदाराच्या खोलीत दुसरं कुणी नाही हे दाखवायला कॅमेरा सगळीकडे फिरवावा लागतो. बोललेला शब्द न् शब्द लगेच पडद्यावर टाइप होऊन येतो. मामा पहिल्यांदाच कोट घालून बसले होते. दुभाषी होता. समोरच्या बॅरिस्टरने त्यांना तासभर एकाच ओळीवर धरलं. त्या दिवशीचं ओलाव्याच्या मीटरचं रीडिंग बरोबर होतं, मग ‘ओली’ का लिहिलं? मामा म्हणाले, “मीटर मीटरच्या जागी. म्या वाळू मुठीत दाबून बघतो. हाताला जी लागली ती लिवली. रोज लिवतो.” आर्बिट्रेटरबाईंनी विचारलं, कशी दाबता, दाखवाल? मामांनी कॅमेऱ्यासमोर रिकामी मूठ आवळली, उघडली, बोटांच्या मधल्या फटी दाखवल्या. आणि आपणहून म्हणाले, “त्या हीटला मला शंका होती. बाकीच्यास्नी नव्हती. असती तर लिवली असती.”

मॅडमनी फेरतपासणीत त्यांना एकही प्रश्न विचारला नाही.

निवाडा सप्टेंबरच्या शेवटी आला. त्या एका हीटचे २६ नग आणि त्यांवर झालेला मशीनिंग-तपासणीचा खर्च, मिळून ४,९०० युरो आमच्याकडून वजा. बाकी सगळी रक्कम व्याजासह मंजूर, त्यांचा प्रतिदावा फेटाळला, आमच्या खर्चापैकी ७० टक्के त्यांच्यावर. निवाड्यात रजिस्टरवर वेगळा परिच्छेद आहे आणि ‘वाटते’ या शब्दावर तळटीप आहे. तो परिच्छेद मी मराठी करून मामांना वाचून दाखवला.

पैसे लगेच आले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या वकिलांमार्फत जर्मनीच्या वरिष्ठ प्रादेशिक कोर्टात अंमलबजावणीचा अर्ज केला. कोर्टाचा हुकूम व्हायच्या आधीच, जूनमध्ये, कंपनीने पूर्ण रक्कम भरली.

अर्धा गुण का कापला तेही सांगते. मॅडम संध्याकाळी सातनंतर फोन घेत नाहीत, आणि दिवसाही ‘मेल करा’ हेच उत्तर. घाबरलेल्या अशिलाला दोन शब्दांचा धीर लागतो, तो त्यांच्याकडे मिळत नाही. मधे एक ज्युनिअर सोडून गेला आणि नव्या मुलीला सगळं पहिल्यापासून समजावण्यात आमचे दोन आठवडे गेले. भाषांतराचा खर्च अंदाजपत्रकात धरलाच नव्हता, तो सव्वा लाखावर गेला. जर्मन वकिलांच्या फीचा आकडाही फार उशिरा कळला. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, आता त्यांच्या अंदाजपत्रकात भाषांतराची ओळ असते.

तुमची रक्कम लहान असेल तर इतक्या मोठ्या वाटेला जाण्याआधी विचार करा. गिऱ्हाईक भारतातलंच असेल आणि तुमची उद्यम नोंदणी असेल, तर थकलेल्या बिलांसाठी एमएसएमई (लघुउद्योग) कायद्याखालची सुलभीकरण परिषद आहे, तिकडे जा. मॅडम स्वतःच लोकांना तिकडे पाठवतात. परदेशी गिऱ्हाईक असेल तर माल निघायच्या आधी ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडू नयेत म्हणून सरकारी कंपनीचा, विमा बघा. आम्ही तो काढला नव्हता. पहिल्या भेटीला जाताना पीओची दोन्ही पानं घेऊन जा, मागचंही.

गेल्या महिन्यात इटलीच्या एका नव्या गिऱ्हाइकाची पीओ आली. शिक्का मारायच्या आधी मॅडमना पाठवली. चौथ्या दिवशी उत्तर आलं, बिल १५ हजार. लवादाचं कलम ठीक होतं, त्याला त्यांनी हात लावला नाही. तक्रारीच्या कलमात एक वाक्य घातलं: माल पोचल्यापासून ३० दिवसांत, सदोष नगांचे हीट नंबर लिहून कळवावं. गिऱ्हाइकाने ते मान्य केलं. पहिला कंटेनर परवा भरला.